सातवा नंबर

विमान उतरलं, इंजिन थंड पडायला लागलं, शिडी लागली, तरी काका खाली येईना. मेकॅनिकने दोनदा हाक मारली. शेवटी तो शिडी चढून वर गेला, तर काका हेल्मेट मांडीत घेऊन बसलेला आणि तळघराच्या नावाने एकामागून एक शिव्या घालत होता. ओरडून नाही, हळू आवाजात, पाढे म्हणावेत तशा.

“काका, उतरा आता,” मेकॅनिक म्हणाला. मग त्याची नजर धावपट्टीच्या टोकाकडे गेली. सकाळी साडेनऊला दोन विमानं गेली होती. “भिंगरी मागून येतोय ना?”

“नाही,” काका म्हणाला. “भिंगरी नदीकाठी पडलाय.”

एक्केचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण त्या तळावरचे बाकीचे वैमानिक पंचविशी-तिशीचे, आणि कपाळ निम्म्या डोक्यापर्यंत सरकलेला हा एकटाच. म्हणून तो सगळ्यांचा काका. भिंगरी त्याचा जोडीदार. लढाईत विमानं जोडीने जातात. पुढचा वाट काढतो, मागचा त्याची पाठ सांभाळतो. तीन वर्षं काकाची पाठ भिंगरीने सांभाळली होती. हे नाव त्याला पडलं ते स्वभावावरून. एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा गुडघा हलत असायचा. काकाच्या घरी चहा पिता पिता त्याने आजवर तीन कप फोडले होते, आणि चौथ्यापासून काकू त्याला स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला लागली होती.

आणि तळघर म्हणजे मुख्यालय. ते खरोखरच जमिनीखाली होतं, तळापासून गाडीने दोन तासांवर. तिथल्या पडद्यांवर सगळी आघाडी दिसायची, आणि महिनाभरापासून नियम असा होता, की ठरवून दिलेलं लक्ष्य सोडून दुसऱ्या कशावरही मारा करायचा असेल तर आधी तळघराला विचारायचं. पोरांनी कुरकुर केली होती. काकाने केली नव्हती. उलट त्यानेच त्यांना झापलं होतं: “हुकूम म्हणजे हुकूम. विमान सरकारचं आहे, तुमच्या बापाचं नाही.”

त्या दिवशी काम साधं होतं. आपले सैनिक नदी ओलांडत होते, त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालायच्या. हवा स्वच्छ होती. विमानाच्या कॅमेऱ्यातून काकाला पलीकडच्या काठावर झाडांची एक रांग दिसली आणि त्या झाडांखाली हालचाल. कोणीतरी जाळी ओढून काढत होतं. जाळीखालून लांबट ट्रक निघाला, पाठीवर चार नळ्या. नळ्या वर उचलल्या जायला लागल्या.

त्याने तळघराला कळवलं. क्षेपणास्त्राची गाडी आहे, नळ्या वर करतेय, मारू का?

“थांबा,” रेडिओवर बाईचा आवाज आला. हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, थोडा बसका, कधी न चिडणारा. “वर विचारते.”

एक मिनिट गेलं. काकाने पुन्हा विचारलं.

“थांबा. आमच्या नकाशावर तिथे काही नाही.”

“तुमच्या नकाशावर नसेल, माझ्या डोळ्यांसमोर आहे!”

“वरून विचारणा आहे, की खात्री करा. वाहन नेमकं कोणतं, किती चाकी?”

“किती चाकी?” काकाचा आवाज चढला. “इतक्या उंचीवरून चाकं मोजत बसू?”

तेव्हा मध्येच भिंगरी बोलला. “काका, मी खाली जाऊन बघून येतो. एकच फेरी मारतो.”

खाली जायचं नाही, असा हुकूम होता. पण खात्री करायची, असाही हुकूम होता. काकाने एक क्षण विचार केला आणि म्हणाला, “जा.”

भिंगरीचं विमान बाजूला कलंडून खाली गेलं. त्याने चाकं मोजलीसुद्धा. “आठ,” तो म्हणाला, आणि त्याच क्षणी झाडांमधून धुराची रेघ वर आली. काकाने पॅराशूट उघडलेलं पाहिलं. ते फार खाली उघडलं.

त्यानंतर चाळीस सेकंदांनी रेडिओवर तोच बसका आवाज आला. “परवानगी मिळाली आहे. मारा.”

काकाने मारलं. गाडी जळाली. पण हे सगळं व्हायला, त्याने पहिल्यांदा विचारल्यापासून, चार मिनिटं दहा सेकंद लागली होती, आणि तेवढा सगळा वेळ त्याचा अंगठा बटणावर होता.

*

भिंगरी जगला. आपल्याच सैनिकांनी त्याला चिखलातून ओढून काढलं. उजवा पाय गुडघ्याखाली गेला, डावा राहील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेत भिंगरीची बायको बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची, आणि वर्गातून तशीच उठून आली होती. बोटांना खडू लागलेला. तिची आणि काकाची क्वार्टर्स एका भिंतीची. काकू तिच्या शेजारी बसून तिचा हात धरून होती.

काका समोर येऊन उभा राहिला तसं तिने वर पाहिलं. “तुम्हाला ती गाडी दिसली होती?”

“हो.”

“त्याच्याआधी?”

“हो.”

“मग मारली का नाही?”

“परवानगी नव्हती.”

तिने काकूचा हात सोडवून घेतला. “रोज सकाळी हा घरातून निघताना मी एकच गोष्ट म्हणायचे, काका आहेत ना बरोबर. त्यावर माझा दिवस जायचा. आणि तुम्ही परवानगी मागत बसलात?”

“अगं, त्यांचा काय दोष...” काकूने तोंड उघडलं.

“तुम्ही मध्ये बोलू नका, काकू. मी यांना विचारतेय.”

काकाकडे उत्तर होतं, पण ते याहून वाईट होतं: मीच त्याला खाली पाठवलं. ते त्याने सांगितलं नाही. तो वळला आणि जिने उतरून बाहेर आला. गाडीच्या टपावर त्याने इतक्या जोरात मूठ आपटली, की पहारेकरी धावत आला.

*

चौथ्या दिवशी मुख्यालयातून कागद आला. तळप्रमुखाने काकाला ऑफिसात बोलावून तो त्याच्यासमोर सरकवला. चौकशीचं निवेदन आधीच टाइप करून तयार होतं, खाली फक्त सही हवी होती. काकाने वाचलं. मग पुन्हा वाचलं. ‘जोडीतील दुसऱ्या वैमानिकाने ठरवून दिलेली उंची स्वतःच्या मर्जीने सोडली व त्यामुळे तो शत्रूच्या टप्प्यात आला.’

“स्वतःच्या मर्जीने?” काका म्हणाला.

“रेकॉर्डिंगमध्ये त्याचाच आवाज आहे. मी जाऊन बघतो, म्हणाला.”

“आणि माझा आवाज? जा म्हणणारा? आणि चाकं मोजा म्हणणारा त्यांचा आवाज?”

तळप्रमुख माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला आठ महिने राहिलेला माणूस जितका शूर असतो तितकाच शूर होता. “हे बघ, तुझ्या अंगावर काही येत नाही यात. पोराला पदक पण मिळेल कदाचित. सही कर आणि मोकळा हो.”

काकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बेत जमला की तळघराने आखला, आणि फसला की वैमानिकाने उंची सोडली! वीस वर्षं त्याने हुकमाबाहेर बोट उचललं नव्हतं. हुकूम पाळताना जोडीदाराचा पाय गेला, आणि आता त्या पायाचं खापर त्याच पोराच्या डोक्यावर फोडायला याची सही हवी होती.

त्याने कागदाची घडी घालून खिशात कोंबली. “गाडी द्या. मी तळघरात जाऊन येतो.”

“कशाला?”

“तोंड बघायला.”

*

तळघराचे जिने उतरताना हवा थंड होत गेली. काकाच्या मनात या जागेचं एक चित्र होतं: गुबगुबीत खुर्च्या, आरामात बसलेली माणसं, पडद्यांवर लढाई. प्रत्यक्षात ती एक बुटकी, कोंदट खोली निघाली. टेबलांवर कपांच्या तळांचे डाग, जमिनीवर वायरींचा गुंता, आणि कानांवर हेडफोन लावून एकाच वेळी बोलणारी तीसेक माणसं. जेवणाची सुट्टी होईपर्यंत त्याला बाहेर बसवलं. मग त्या बसक्या आवाजाची बाई आली.

ती बुटकी होती, अंगात स्वेटर, गळ्याभोवती रुमाल. पस्तिशीची असेल.

“तुम्हीच का त्या?” काका म्हणाला, आणि मग चार दिवसांचं सगळं बाहेर आलं. थांबा म्हणायला तुमचं काय जातं, इथे एसीत बसून चाकं मोजायला सांगता, तुमच्या घरचं कोणी वर असतं तर थांबा म्हणाला असतात का? कॉरिडॉरमधली माणसं थबकली. दोघंतिघं तर बघायलाच उभी राहिली.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “झालं? आता मी बोलू?” आणि त्याला दंडाला धरून शेजारच्या स्टोअररूममध्ये नेऊन तिने दार लावलं.

“महिन्यापूर्वी मी हीच खुर्ची सांभाळत होते,” ती म्हणाली. “एका वैमानिकाने विचारलं, शत्रूचे ट्रक दिसताहेत, मारू का? तेव्हा वर विचारायचा नियम नव्हता. मी म्हटलं, तुम्हाला दिसतंय ना, मग मारा. त्याला खरंच दिसत होतं हो. तो खोटं बोलत नव्हता. ते आपलेच ट्रक होते. जखमींना घेऊन येत होते. अकरा माणसं.” ती थांबली. “ही बातमी तुमच्यापर्यंत आली नाही, कारण येऊ दिली नाही. फक्त नियम आला. आता सांगा, मला काय म्हणणार आहात? मारा म्हटलं तेव्हाही मीच होते आणि थांबा म्हटलं तेव्हाही मीच.”

काकाचा राग गेला नव्हता, पण तो कोणावर धरायचा तेच क्षणभर कळेना, आणि त्याचाही राग आला.

“पण चार मिनिटं?” तो शेवटी म्हणाला. “हो किंवा नाही म्हणायला चार मिनिटं?”

“रांग होती,” बाई म्हणाली.

“रांग?”

“त्या अकरा माणसांनंतर परवानगीचा अधिकार एकट्या मोठ्या साहेबांकडे गेला. पूर्ण आघाडीचा. त्या सकाळी चाळीस विमानं वर होती. प्रत्येकजण विचारतो, आम्ही चिठ्ठी लावतो, साहेब एकेक बघतात. साहेबही माणूसच आहेत. तुमचा सातवा नंबर होता.”

“सातवा नंबर,” काका म्हणाला.

“मी दोनदा जाऊन सांगितलं, हा आधी घ्या. तर उत्तर मिळालं, प्रत्येकालाच आपलं घाईचं वाटतं. त्या चाकांचं साहेबांनी विचारलंच नव्हतं. ते त्यांच्या मदतनीस अधिकाऱ्याने मध्येच घुसवलं. तेवढ्यात फॉर्म भरून होईल म्हणून.”

काकाने जवळच्या रॅकला लाथ घातली. कागदांचे गठ्ठे घसरून खाली आले. बाईने ते उचलायला वाकायचेही कष्ट घेतले नाहीत.

“हे सगळं नोंदीत आहे?” त्याने विचारलं.

“सेकंदासकट.”

“चौकशीत सांगाल?”

“मला विचारणारच नाहीत.”

“पण मी नाव घेतलं तर?”

तिने रुमाल घट्ट केला. “घ्या,” ती म्हणाली.

*

चौकशी दुसऱ्या दिवशी दुपारी, मुख्यालयातच होती. लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, मध्यभागी मोठे साहेब. काकाने त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, धिप्पाड माणूस. आता गणवेश त्यांच्या अंगावर लोंबत होता आणि डोळे लाल होते.

“सही राहिली आहे,” साहेब म्हणाले.

“त्या कागदावर होणार नाही, साहेब. मी माझा लिहून आणलाय.” काकाने उभ्यानेच वाचला. भिंगरीला खाली मी पाठवलं. कारण खात्री करा असा हुकूम होता. ती खात्री मोठ्या साहेबांनी मागितलीच नव्हती. माझ्या विनंतीचा नंबर सातवा होता. मग त्याने नोंदी आणि बाईचं नाव सांगितलं, आणि बाई दाराशी फाइल घेऊन उभीच होती.

टेबलावरच्या एकाने घसा साफ केला. “यात शिस्तीचा प्रश्न आहे. वैमानिकाला दिसलं म्हणून तो मारत सुटला तर...”

“तर अकरा माणसं मरतात,” काका म्हणाला. “मला माहीत आहे. आता तरी आहे. तेव्हाच का सांगितलं नाहीत? तेव्हा सांगितलं असतं तर आम्हीच म्हटलं असतं, विचारायला लावा. आम्हाला आंधळं ठेवायचं, आणि वर पुन्हा आमचे डोळे खरे मानायचे नाहीत?”

“आवाज खाली,” मोठे साहेब म्हणाले. “तुम्हाला तुमच्या काचेतून दिसतं तेवढंच जग असतं. नदीच्या त्या वळणावर आपली आणखी एक तुकडी होती, माहीत होतं तुम्हाला? इथे पडद्यावर ते दिसत होतं. मी चाळीस जणांना मोकळं सोडलं तर चाळीस वेगवेगळ्या लढाया होतील.”

“नव्हतं माहीत. मग हे एका वाक्यात सांगायचं होतं! वळणाकडे मारू नका, एवढंच. मी झाडांकडे मारलं असतं. पण सांगायला तोंड एकच, आणि त्याच्यापुढे रांग सात जणांची.” काकाचा आवाज खाली येण्याचं नाव घेत नव्हता. “साहेब, ती गाडी नळ्या वर करत होती. माझ्यावर! तिच्यासाठी पण चिठ्ठी? कोणी गळा धरला तर त्याचा हात झटकायला मी अर्ज करू?”

“तुम्ही कोणाशी बोलताय, भान आहे?”

“आहे. म्हणूनच ‘साहेब’ म्हणतोय. नाहीतर विमानातून उतरताना जे म्हणत होतो तेच इथे म्हटलं असतं.”

मोठ्या साहेबांनी हात पुढे केला आणि बाईने फाइल दिली. त्यांनी पान उलटलं, वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. सातव्या नंबरच्या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं.

“चाकांचं कोणी विचारलं?” त्यांनी शेजारी बघून विचारलं. शेजारचा अधिकारी टेबलाकडे बघू लागला.

*

निकाल आठवड्याने आला. भिंगरीवरचा ठपका काढला गेला. नियम थोडा बदलला: आपल्या विमानावर रोखलेल्या हत्याराबाबत खुर्चीवरच्या माणसाने तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगायचं, बाकी सगळं पूर्वीसारखं वर. चाकांची चौकशी करणाऱ्याची बदली झाली, असं ऐकलं, ती बढतीवर. बाईलाही दूरच्या कुठल्या तरी रडारवर पाठवलं. तिची बदली मात्र बढतीवर नव्हती. आणि काकाचं उड्डाण वरिष्ठांशी उद्धट वागल्याबद्दल सहा महिने बंद.

तो हॉस्पिटलात गेला. भिंगरी उशीला टेकून बसला होता, आणि डावा पाय वाचला होता, कारण तो पांघरुणाखाली हलत होता.

“मीच पाठवलं तुला,” काका म्हणाला.

“ऐकलं मी, तुम्ही तिथे काय वाचलंत ते.” भिंगरीचा चेहरा लाल झाला. “कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? माझा एक पाय गेलाय, डोकं नाही. मी जातो म्हणालो, मी गेलो. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी गेलो असतो. आता तुम्ही जमिनीवर, मी जमिनीवर, आणि वर ती पोरं एकटी. छान केलंत!”

“ओरडू नकोस, टाके तुटतील.”

“तुटू देत!”

बायको खिडकीशी वह्या तपासत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “ओरडू दे त्याला. दहा दिवस मी ओरडतेय, आता त्याची पाळी.” थोड्या वेळाने तिने एक खुर्ची पायाने काकाकडे ढकलली. पण ती त्याच्याशी बोलली नाही, आणि काकाने तशी अपेक्षाही धरली नाही.

सहा महिने रिकामं बसवण्यापेक्षा म्हणून तळप्रमुखाने त्याला नव्या तुकडीला शिकवायला लावलं. रेडिओवर कसं बोलायचं ते. काका वर्गात यायचा तोच धुसफुसत. “पाल्हाळ नको! खाली बसलेल्याला तुमचे डोळे नाहीत. काय आहे, कुठे आहे, कोणावर रोखलंय, एवढं एका श्वासात सांगा. आणि त्याच्याकडून उलट विचारून घ्या, तुला काय दिसतंय जे मला दिसत नाही? विचारायचं! तो आपणहून सांगेल म्हणून वाट बघू नका.” अकरा माणसांची गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी सांगितली, ती सांगायला मनाई होती तरी.

एका सकाळी मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “सर, नळ्या आपल्यावर आहेत, आपण विचारलं, आणि उत्तर आलंच नाही, तर?”

सगळ्यांना नदीची हकीकत माहीत होती.

काकाने खडू ठेवला. “मी थांबलो होतो,” तो म्हणाला. “चार मिनिटं दहा सेकंद. निवेदनात मी बाकी सगळं लिहिलं, पण मी चुकलो, हे लिहिलं नाही. चुकलो. मारायला हवं होतं.” त्याने त्या मुलीकडे पाहिलं. “विचार. दहा मोज. उत्तर नाही आलं तर मार, आणि मग खाली येऊन जे केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग, बरोबर निघो की चूक. लपवलंस तर मीच तुला उभी कापीन.”

मुलगी घाईघाईने वहीत उतरवून घ्यायला लागली.

“लिहू नकोस!” काका ओरडला. “हे नियमात नाही.”